पिशवीवर बंदी, पाकिटाला मुभा

वाण्याकडे अर्धा किलो तूरडाळ मागितली की ती तराजूतून थेट रद्दीच्या पुड्यात जायची आणि वरून दोरा गुंडाळला जायचा. गोडेतेलाला घरून किटली न्यायची. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं. रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. ही पद्धत मोडली ती निव्वळ कुणाच्या नफ्यासाठी नाही.

तेलाचंच पाहा. १९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि साठहून अधिक माणसं दगावली. त्याच सप्टेंबरात केंद्राने आदेश काढला: खाद्यतेल बंद पॅकमध्येच विकायचं, राज्याने सूट दिली तरच सुटं. म्हणजे वाणसामान सीलबंद व्हायला भेसळीची भीतीही कारण होती, आणि ती भीती खरी होती. पॅकिंग कमी करा म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी हे आधी मान्य केलं पाहिजे.

प्लास्टिकविरुद्धचा राग मात्र पाकिटावर नव्हे, कॅरीबॅगवर निघाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि गटारं तुंबवणाऱ्या पिशव्यांकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. २३ मार्च २०१८ची प्लास्टिकबंदी त्याहून कितीतरी कडक होती: पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. २३ जूनला प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली आणि आठवडाभरातच किराणा दुकानदारांच्या मागणीवरून सामानाच्या पॅकिंगला मुभा मिळाली. भाजीवाली दंड भरत राहिली. फळीवरचं पाकीट होतं तिथेच राहिलं.

केंद्रातही तेच घडलं. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत पुनर्प्रक्रिया न होणारं बहुस्तरीय वेष्टन, म्हणजे चिप्सच्या पाकिटासारखं एकावर एक थर चिकटवलेलं, दोन वर्षांत हद्दपार करायचं ठरलं होतं. मुदत संपत आली तेव्हा, मार्च २०१८मध्ये, त्यात 'ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोग नाही असं' अशी भर पडली. जाळून ऊर्जा काढता येते म्हटलं की वेष्टन सुटलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत महागात पडलेलं वाक्य हेच. १ जुलै २०२२पासून देशभर स्ट्रॉ, प्लेट, कप, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म बंद झाली. डाळ-तांदळाचं पाकीट त्या यादीत नाही.

तरी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक धागा आहे. वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी ज्या ब्रँडमालकांवर टाकली, त्यांत सुपरमार्केट आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्याही धरल्या आहेत. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना तेवढी सूट. पुनर्वापराचं बंधन मात्र बरण्या-बाटल्यांसारख्या कडक वेष्टनालाच आहे, मऊ पाकिटांना नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या वाण्याला धारेवर धरण्यापेक्षा मागणी या मोठ्या साखळ्यांकडे व्हायला हवी: धान्य-कडधान्याचे झाकणबंद पिंप ठेवा, त्यावर माल कुठला, कधी भरला ते लिहा, आणि घरून आणलेल्या डब्याचं वजन वजा करून माल मोजून द्या.