सहावीचा इतिहास आणि कॅटेकिझमचा तास

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी सहावीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "बघा, आता शाळेत येशू शिकवायला लागले." पान असतं बालभारतीच्या इतिहासाचं. त्याच धड्यात जैन, बौद्ध, ज्यू, इस्लाम, पारशी असे सगळे धर्म आहेत. फोटोत नेमका एकच परिच्छेद येतो. दुसऱ्या टोकाला काही कॉन्व्हेंटवाले असतात. ते आठवड्याच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे मुलांना ख्रिस्ती श्रद्धा शिकवण्याच्या, तासाबद्दल "तेही सामाजिक शास्त्रच हो" म्हणून मोकळे होतात. दोघंही चुकताहेत, आणि चूक एकच आहे: धर्माविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यात गल्लत.

वरवरचे फरक सगळ्यांना ठाऊक आहेत. इतिहास-नागरिकशास्त्र अभ्यासक्रमातलं, त्याचे गुण प्रगतिपुस्तकात. कॅटेकिझम चर्चचा, शिकवणार सिस्टर, फादर किंवा पॅरिशमधलं (त्या चर्चच्या स्थानिक समाजातलं) कुणी. तो बहुतेक ठिकाणी रविवारी मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आगेमागे होतो, काही कॅथलिक शाळांत आठवड्यातल्या एखाद्या तासिकेला. तेव्हा बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. प्रोटेस्टंटांकडे त्याच जागी संडे स्कूल. पुढे चला.

खरी गल्लत होते ती दोन्हीकडे तीच माणसं, त्याच गोष्टी येतात म्हणून. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस घ्या. इतिहासात तो केरळच्या ख्रिस्ती समाजाच्या परंपरेतून येतो: इ.स. ५२ मध्ये तो मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, असं तो समाज मानतो. बाई चांगल्या असतील तर इथे थांबून विचारतात, "हे आपल्याला कशावरून कळलं?" मग मिरीच्या व्यापारासाठी रोमन साम्राज्यातली जहाजं त्या किनाऱ्याला लागत होती, म्हणजे येणं शक्य होतं, हे निघतं. कोल्लमच्या चर्चला दिलेल्या दानाचे ताम्रपट मात्र नवव्या शतकातले, हेही निघतं. मधल्या काळाचं काय, यावर वर्गाने खुशाल वाद घालावा. थॉमस आला असेल असं मला वाटत नाही, असं एखादीने मुद्देसूद लिहिलं तर तिला पूर्ण गुण मिळायला हवेत.

कॅटेकिझममध्ये तोच थॉमस बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातून येतो. येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा, आणि आठ दिवसांनी येशू समोर उभा राहिल्यावर "माझा प्रभू व माझा देव" असं बोलून जाणारा. इथे ताम्रपटाचं काम नाही. मुलाने ते वाक्य स्वतःचं म्हणून म्हणावं, यासाठीच तो तास असतो. पहिल्या कम्युनियनची, पुढे दृढीकरणाची, म्हणजे कॅथलिक मुलांच्या धार्मिक संस्कारांची, तयारी त्यातूनच होते. यात लपवण्यासारखं काहीच नाही. ज्या घराला ते हवं आहे त्यांच्या मुलांना ते नीट, मनापासून शिकवलं जावं.

शंका आली तर मुलाची वही उघडा. "येशू पुन्हा उठला असे ख्रिस्ती लोक मानतात" असं लिहून दिलं असेल तर तो इतिहास. नुसतंच "येशू आपल्यासाठी पुन्हा उठला" असेल तर तो कॅटेकिझम, मग वेळापत्रकात काहीही छापलेलं असो. हीच फूटपट्टी सगळ्या धर्मांना लावायची बरं का. इतिहासाचे सर "आपल्या धर्मात" अशी सुरुवात करून श्रद्धेच्या गोष्टी घडलेल्या घटना म्हणून सांगू लागले, की तेही धर्मशिक्षणच. त्याचे फोटो मात्र ग्रुपवर येत नाहीत. आणि हा सगळा धडा "घरी वाचून या" म्हणून उरकणाऱ्यांचा मला त्याहून राग येतो.

कायद्यातही हाच फरक आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळांत प्रश्नच मिटला. "अनुदान घेतात म्हणजे बंदीच" हे मात्र चूक. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत तो तास घेता येतो, पण मुलाला तिथे किंवा प्रार्थनाविधीला बसवायचं तर पालकांची संमती लागते. धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवण्याला ही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला.

म्हणून कॅटेकिझमच्या तासिकेवर "मूल्यशिक्षण" अशी पाटी लावणं मला अजिबात पटत नाही. प्रामाणिकपणा हे मूल्य शिकवायचं तर सुरुवात वेळापत्रकापासून करावी. संमतीही प्रवेश अर्जाच्या मागच्या बारीक अक्षरांत गुंडाळू नये. वेगळा कागद द्यावा, वेगळी सही घ्यावी. आणि हा कागद फक्त हिंदू-मुसलमान पालकांनाच धाडायचा, हाही गैरसमज. कलमात "कोणत्याही व्यक्तीस" असं आहे. कॅथलिक घरातल्या आईवडिलांनी "आमची मुलगी रविवारी चर्चमध्ये शिकते, शाळेत नको" असं कळवलं, तर शाळेने तिलाही मूल्यशिक्षणाच्या वर्गात बसवायचं.