बॅटरी नसलेले कार्ड यंत्राशी बोलते कसे?

गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या मागच्या खिशाजवळ कोणीतरी गुपचूप पेमेंटचे यंत्र नेतो, 'बीप' असा आवाज होतो आणि बिचाऱ्याच्या खात्यातून पैसे जातात, अशा आशयाच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरत असतात. यंत्राला नुसते टेकवून पैसे देता येणाऱ्या बँकेच्या कार्डातून सतत काही लहरी बाहेर पडत असतात आणि कोणीही त्या दुरून टिपू शकतो, असा समज त्यामुळे पसरला आहे. हा समज खोडून काढण्यासाठी मला फुटबॉलच्या मैदानाचे उदाहरण सर्वांत सोयीचे वाटते, कारण खच्चून भरलेल्या गर्दीत हजारो कार्डे एकाच वेळी वापरात असण्याची याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

लंडनमधील टॉटनहॅम हॉटस्पर क्लबचे नवे स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये खुले झाले आणि पहिल्या दिवसापासून तिथे रोख रक्कम बंद होती. स्टेडियमची क्षमता ६२,८५० आहे. एकट्या दक्षिण बाजूच्या सज्जात सुमारे १७,५०० प्रेक्षक बसतात आणि त्यांच्यासाठी ६५ मीटर लांबीचा बार आहे. मध्यंतर मात्र अवघे १५ मिनिटांचे असते. त्या वेळात नोट घेणे, सुटे मोजणे आणि गल्ला उघडणे यांत जाणारा प्रत्येक क्षण रांगेतील शेवटच्या माणसाच्या वाट्याचा असतो. जर्मनीने हा प्रयोग त्याआधीच केला होता. गेल्सेनकिर्शेन येथील शाल्के क्लबचे स्टेडियम २००१ मध्ये आणि म्युनिकचे अलियांझ अरेना २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा दोन्ही ठिकाणी स्टेडियमची स्वतःची, आधी पैसे भरून ठेवायची कार्डे होती. अशा बंदिस्त पद्धतीत शिल्लक बहुधा कार्डातील चिपवरच नोंदलेली असते, त्यामुळे गर्दीने मोबाइलचे जाळे कोलमडले तरी व्यवहार अडत नाही. पुणे मेट्रोचे कार्ड वापरणाऱ्यांना ही सोय परिचयाची आहे. सामना संपल्यावर दोन-चार युरो कार्डातच अडकून राहणे ही या पद्धतीची खरी उणीव होती, आणि आता बहुतेक ठिकाणी साधे बँकेचे कार्डच चालते.

कार्ड कोणतेही असो, आतील विज्ञान एकच आहे. पातळ, फिकट रंगाचे कार्ड मोबाइलच्या विजेरीसमोर धरले, तर पुष्कळदा कडेकडेने फिरलेल्या बारीक तारेचे काही वेढे दिसतात. हे वेटोळे आणि त्याला जोडलेली छोटीशी चिप एवढाच कार्डाचा संसार आहे. त्यात बॅटरी नाही. काउंटरवरील यंत्रातही असेच एक वेटोळे असते आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तने करणारा, म्हणजे सतत उलटसुलट दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरले की त्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवले आणि शाळेत आपण ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन या नावाने शिकलो. इंडक्शन शेगडीवरील भांडे याच तत्त्वाने तापते. कार्ड यंत्राजवळ आले की चिप जागी होते, ती यंत्राने पुरवलेल्या विजेवरच. कार्डापाशी हे क्षेत्र पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राच्या पाव भागाहूनही कमी असते. पृथ्वीचे क्षेत्र स्थिर आहे आणि हे क्षणोक्षणी बदलते, एवढ्या फरकावर सगळे काम होते.

मला सर्वांत मोहक वाटतो तो यापुढचा भाग. कार्डाला स्वतःचा आवाज नाही, मग ते उत्तर कसे देते? घरात मिक्सर सुरू झाला की कधीकधी दिवा क्षणभर मंदावतो आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्याला स्वयंपाकघरात काय चालले आहे ते कळते. कार्ड नेमके हेच करते. चिप आपल्या वेटोळ्यावरील विजेचा भार झपाट्याने कमी-जास्त करते आणि त्या ओढीने यंत्राच्या वेटोळ्यातील विद्युतदाब किंचित हलतो. याला लोड मॉड्युलेशन म्हणतात. भार बदलण्याचा वेग मूळ वारंवारितेच्या बरोबर सोळाव्या हिश्शाइतका, म्हणजे सेकंदाला ८,४७,५०० वेळा असतो. प्रचलित प्रकारांपैकी एकात अशा आठ ठोक्यांच्या कालावधीत एक बिट, म्हणजे १ किंवा ० हा माहितीचा सर्वांत छोटा तुकडा, पाठवला जातो. पहिल्या अर्ध्यात ठोके आणि दुसऱ्या अर्ध्यात शांतता असेल तर १, याउलट असेल तर ०. कार्डाची ही कुजबुज यंत्राच्या स्वतःच्या गजरापेक्षा कित्येक पटींनी क्षीण असते, तरीही वारंवारिता वेगळी असल्याने यंत्राला ती गाळून घेता येते.

आता खिशातून पैसे चोरण्याची गोष्ट तपासू. यंत्राच्या वेटोळ्याची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली, तर ३० सेंटिमीटर अंतरावर क्षेत्राची तीव्रता केंद्रातील तीव्रतेच्या सुमारे हजारावा भाग उरते. शिवाय कार्डाचा परिणाम उलट दिशेने यंत्रापर्यंत पोहोचताना पुन्हा तसाच घटतो. म्हणूनच पेमेंटची यंत्रे चार-पाच सेंटिमीटरपलीकडे सहसा काम करत नाहीत. पाकिटात दोन कार्डे एकत्र असली, तर यंत्र बहुधा व्यवहारच नाकारते. बँकेचे कार्ड दर वेळी त्या एकाच व्यवहारापुरता सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे तो ऐकून ठेवला तरी दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही. शिवाय पैसे नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खात्यातच जमा होतात आणि त्या खात्याचा माग काढता येतो. अगदी चिकटून उभ्या असलेल्या चोराला छोटी रक्कम उकळणे तत्त्वतः अशक्य नाही, पण दुरून लहरी टिपण्याची भीती निराधार आहे.

या भीतीवर 'लहरीरोधक' पाकिटांचा व्यापार उभा राहिला आहे. धातूचा थर असलेले पाकीट क्षेत्र अडवते हे खरे, कारण धातूत निर्माण होणारे भोवरी प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतात. परंतु पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागदही तेच काम करतो. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायच्या, 'घातक किरण शोषणाऱ्या' चकत्यांच्या मागे तर एवढेही भौतिकशास्त्र नाही, आणि त्या विकणाऱ्यांनी विज्ञानाचे नाव घ्यावे याचा मला मनापासून संताप येतो.

मध्यंतरात घाईघाईने कार्ड टेकवून लगेच उचलणाऱ्यांचा व्यवहार फसतो, त्याचे कारणही याच मांडणीत आहे. चिपला साधारण अर्धा सेकंद लागणारे सांकेतिक गणित करायचे असते आणि कार्ड दूर गेले की तिची वीज तत्क्षणी तुटते. गणित अर्ध्यावर राहते, चिप निजते आणि मागची रांग तिथेच थबकते.