कोजागरीला दूध आटवा, दुर्बीण मात्र अष्टमीला बोलवा

आम्ही सोसायट्यांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. गणपती उठले की आमचा फोन वाजायला लागतो. घोडबंदर रोड, पाचपाखाडी, ऐरोली, नेरुळ, खारघर. सोसायटी कुठलीही असो, वाक्य तेच. "कोजागरीला गच्चीवर दूध आहे, चंद्र त्या दिवशी मस्त असतो, तर दुर्बीण घेऊन या. आणि ती तुमची सूर्यमालाही खाली मांडा." आम्ही नाही म्हणतो. पलीकडचे सेक्रेटरी क्षणभर गप्प होतात, मग विचारतात, "का हो, पैसे नकोत का?" पैसे हवे आहेत. म्हणूनच हे पत्रक छापलं. कमिटीच्या मीटिंगआधी एकदा वाचा, नोटीस बोर्डावर लावलंत तरी आमची हरकत नाही.

पौर्णिमेला दुर्बिणीतून काय दिसतं?

एक पांढरी थाळी. पुसटसे काळपट डाग, बाकी झगमगाट. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्रावर ऊन समोरून, सरळ पडतं. सावल्या नाहीत. चंद्रावरचे डोंगर आणि विवरं आपल्याला दिसतात ती त्यांच्या सावल्यांमुळे. भर दुपारी बारा वाजता रस्त्यातला खड्डा स्कूटरवाल्याला दिसत नाही, संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की तोच खड्डा लांबून दिसतो. ठाणेकरांना यापुढे जास्त समजवायची गरज नसावी.

शुद्ध अष्टमीला चंद्र अर्धा असतो आणि उजेड-अंधाराची सीमा त्याच्या मधोमध जाते. त्या सीमेवर तेव्हा सूर्योदय चालू असतो. तिथे ॲपेनाइन पर्वतरांग दिसते. काही शिखरांच्या माथ्यावर ऊन पोचलेलं असतं पण पायथा अजून अंधारात असतो, त्यामुळे काळोखात सुटे ठिपके चमकताना दिसतात. दशमीच्या सुमारास कोपर्निकस विवर उजेडात येतं. व्यास ९३ किलोमीटर, म्हणजे १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत जे ३४ किलोमीटर धावली, ते अंतर त्यात पावणेतीन वेळा बसेल. याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा त्या दिवशी इतक्या स्पष्ट असतात की मोठी माणसंसुद्धा आयपीसवरून डोळा काढत नाहीत. पौर्णिमेला त्याच जागी एक पांढरा फराटा दिसतो.

अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा तेजस्वी असेल असं वाटतं. तसं नसतं. तो जेमतेम एक दशांश तेजस्वी असतो. पूर्ण चंद्र दुर्बिणीतून पाहिल्यावर डोळ्यांना इजा होत नाही, पण दिपतात हे नक्की. मग पुढची दोन मिनिटं माणूस जिन्यावर चाचपडतो आणि रांग थांबते.

आणखी एक गोष्ट बिल्डिंगवाल्यांनी लक्षात घ्यावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. म्हणजे सात-साडेसातला, मुलं जागी आणि ताजी असतात तेव्हा, तो शेजारच्या टॉवरच्या मागे असतो. अष्टमीचा चंद्र त्याच वेळी जवळपास डोक्यावर असतो. चारी बाजूंना वीस-वीस मजले असले तरी तो अडत नाही.

चंद्रावर उतरायचं असलं तरी गणित वेगळं नाही. चांद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला. कॅलेंडर काढून बघा, श्रावण शुद्ध सप्तमी. त्या जागी तेव्हा सकाळ होत होती. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा असतो, आणि लँडर-रोव्हरच्या सौरपट्ट्यांना तो सगळा उजेड हवा होता. (हा लँडर तुमच्या दुर्बिणीतून दिसेल का, असा प्रश्न दर कार्यक्रमात येतो. नाही. आमच्या आठ इंची दुर्बिणीतून चंद्रावरची साधारण दोनेक किलोमीटरची वस्तू ओळखू येते. लँडर एखाद्या छोट्या खोलीत मावेल एवढा आहे.)

आम्हीही आधी कोजागरी घेत होतो. शेवटची घेतली ती एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. दोनशेच्या वर माणसं. चंद्र टॉवरच्या वर यायला नऊ वाजून गेले, तोवर अंताक्षरी झाली. मग रांग लागली. एक मिनिट पाहून पहिल्या मुलीने आईला सांगितलं, "ट्यूबलाइट दिसते." तिच्यामागे एकोणीस जणांनी तेच पाहिलं, विसाव्याने पाहिलं नाही कारण दूध आलं होतं. पैसे पूर्ण मिळाले, लोक प्रेमाने वागले, मसाला दूधही उत्तम होतं. पण पुढच्या वर्षी त्या सोसायटीतून कुणी फोन केला नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

"अष्टमी" म्हणताना शुद्ध की वद्य?

हे समजल्यावर होणारी दुसरी चूक अशी. एका सोसायटीने आमचं ऐकून अष्टमीची तारीख दिली, आम्हीही घाईत डायरीत लिहून घेतली. ती वद्य अष्टमी निघाली. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. संकष्टीला चंद्रोदयासाठी उपाशी बसणाऱ्यांना याचा अंदाज असतो, आम्हालाच त्या दिवशी नव्हता. मुलं चटईवर झोपली. तेव्हापासून आम्ही तारीख पक्की करण्याआधी स्वतः कॅलेंडर उघडतो. तुम्हीही भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि शुद्ध सप्तमी ते एकादशी यांतला शनिवार शोधा. महिन्यात एखादाच सापडतो, म्हणून लवकर कळवा.

कोजागरीच्या आधीची शुद्ध अष्टमी नवरात्रात येते. तेव्हा प्रांगणात गरबा, लाइटिंग आणि डीजे, तिथे दुर्बीण लावणं म्हणजे लोकलमध्ये ध्यानाला बसणं. आमचा सल्ला कार्तिकातल्या अष्टमी-नवमीचा. फटाके बरेचसे संपलेले असतात, पाऊस गेलेला असतो. पौष-माघातही आकाश चांगलं असतं. जून ते सप्टेंबर आम्ही बाहेरचे कार्यक्रम घेत नाही, त्या महिन्यांत कुणी तुम्हाला खात्रीने चंद्र दाखवतो म्हणालं तर त्याचं शेड्यूल आम्हालाही पाठवा.

ग्रह एवढे छोटे का?

दुसरा ठरलेला प्रश्न. आम्ही कॉम्प्लेक्सच्या आतल्या रस्त्यावर जी सूर्यमाला मांडतो, तिचं प्रमाण १ : १,००० कोटी आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर २००१ पासून असलेली 'व्हॉयेज' सूर्यमाला याच प्रमाणात आहे. गेटपाशी १४ सेंटिमीटरचा सूर्य, लहानशा पपनसाएवढा. तिथून सहा पावलं मोजा, सुमारे सहा मीटर, की बुध, रव्याच्या कणाएवढा. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे मोहरीचे दोन दाणे, ११ आणि १५ मीटरवर. पृथ्वीच्या डबीतच, जेमतेम ४ सेंटिमीटरवर, चंद्राचा ठिपका. मंगळ २३ मीटरवर. मग लांब काही नाही. ७८ मीटरवर गुरू, एक गोटी. १४३ वर शनी, २८७ वर युरेनस, ४५० वर नेपच्यून, हे दोघे वाटाण्याएवढे.

"एवढं चालायला लावता आणि डबीत वाटाणा?" हो. तेच तर दाखवायचं असतं. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे असतात, कारण तिथे आकाराला एक प्रमाण आणि अंतराला दुसरं. चित्र छापायला त्याशिवाय इलाज नाही, पण त्यामुळे मुलांच्या डोक्यात सूर्यमाला भाजीबाजारासारखी गजबजलेली बसते. आमच्याकडेही मोठे, रंगीत, थर्मोकोलचे ग्रह मागणारे येतात. ते आम्ही करत नाही. एका प्रमाणात मोठे करायचे तर हिशोब ऐका. पृथ्वी फुटबॉलएवढी धरली, तर सूर्य सात-आठ मजली इमारतीएवढा होतो आणि अडीच किलोमीटरवर जातो. नेपच्यून ७८ किलोमीटरवर. तुमच्या कॉम्प्लेक्सची हद्द कितीही मोठी असली तरी त्यात हे बसणार नाही. हौस असेल तर स्वीडनने ती भागवली आहे. स्टॉकहोमच्या गोल सभागृहाला सूर्य धरून १ : २ कोटी या प्रमाणात त्यांनी देशभर ग्रह ठेवले आहेत.

मुलांना सगळ्यात आवडतो तो प्रकाशाचा वेग. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर सरकतो. मुंगी. आम्ही एका मुलाला सूर्यापासून निघून मुंगीच्या चालीने पृथ्वीपर्यंत जायला सांगतो. १५ मीटर, पण पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. बहुतेक मुलं शुक्राच्या आसपास धावायला लागतात, मग बाकीचे ओरडतात, "फाउल!" नेपच्यूनपर्यंत हे करायचं तर चार तास लागतील, तेवढा वेळ आम्ही विकत नाही. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा? या मापात सुमारे ४,००० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी संपलं तरी पुढे चालतच राहायचं.

प्लूटो कुठे, हे कुणीतरी विचारतंच. २००६ साली त्याचं ग्रहपद गेलं, पण आम्ही खिशात एक कण ठेवतो. त्याची जागा सूर्यापासून सुमारे ५९० मीटरवर येते, म्हणजे बहुतेक सोसायट्यांच्या कंपाउंडबाहेर, मेडिकलच्या दुकानाच्या आसपास.

ही फेरी संध्याकाळी साडेपाचला उजेडात सुरू करतो, कारण मोहरी अंधारात दिसत नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी सूर्यापासून परत सुरुवात होत नाही. ४५० मीटर सरळ रस्ता नसेल तर वळणावळणाने चालेल, पार्किंगमधून काढू. मात्र तेवढा रस्ता लागतोच. "गच्चीवरच सगळं बसवा" याला आमचं उत्तर "नाही" असं आहे.

गच्ची आणि शनी

दुर्बिणीमागे माणशी एक ते दीड मिनिट धरा. एका दुर्बिणीवर दोन तासांत शंभर माणसं हा आमचा कमाल आकडा आहे, त्यापुढे दुसरी दुर्बीण आणि दुसरा माणूस, त्याचे पैसे वेगळे. हे महाग वाटतं हे मान्य. पण दोनशे जणांना तीस सेकंद दाखवून आम्ही स्वस्त होऊ शकतो, तसं करणारे आहेतही.

गच्चीचा हॅलोजन बंद करण्याची व्यवस्था आधी बघून ठेवा. स्विच बहुधा वॉचमनच्या केबिनमध्ये असतो आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. मोबाइलचा टॉर्च नको. काळोखाला सरावलेले डोळे एका झोताने परत शून्यावर येतात, आणि पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

शनीबद्दल आधीच सांगून ठेवतो, नंतर वाद नको. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या कड्यांची धार आपल्याकडे वळली होती, त्यामुळे कडी अजून बारीक दिसतात. ती वर्षागणिक उघडत जातील, २०३२ पर्यंत. फोटोतला शनी आणि आमचा शनी एकच आहे. रंग मात्र दुर्बिणीतून तसा दिसत नाही. आकाशगंगेचा पट्टा ठाण्यातून आम्ही दाखवू शकत नाही, त्यासाठी वांगणीकडे किंवा त्याहून लांब जावं लागतं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ मात्र हिवाळ्यात गच्चीवरून दिसतो, फिकट धुरासारखा.

ढग आले तर फेरी होते, दुर्बीण पुढच्या महिन्याच्या शुद्ध पक्षात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

एकाच दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा आम्ही अलीकडे वर्षाची योजना सुचवतो. सहा इंची दुर्बीण तुमच्याकडे राहते, लिफ्टरूमशेजारच्या कोरड्या खोलीत. सोसायटीतल्या चार-पाच जणांना आम्ही ती लावायला, आरसा न पुसायला (हे मुद्दाम शिकवावं लागतं) आणि चंद्राचा नकाशा वाचायला शिकवतो. पावसाळा सोडून दर महिन्याला शुद्ध पक्षात एकदा आम्ही येतो. तीन सोसायट्यांत ही गच्चीवरची वेधशाळा आता रहिवासीच चालवतात, आणि एकीकडे तर ती एक आजोबा आणि सातवीतली दोन मुलं मिळून चालवतात. आमची गरज तिथे कमी होत चालली आहे, तरी दुर्बिणीचं भाडं त्यांनी थांबवलेलं नाही.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: तिथी, माणसांचा अंदाज आणि गच्चीच्या कठड्याची उंची. कठडा चार फुटांच्या वर असेल तर लहान मुलांसाठी आम्ही स्टूल आणतो, पण ते टेम्पोत आधीच चढवावं लागतं.