लाइक येईल की नाही?

परवा संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर शेजारी कॉलेजचा एक पोरगा बसला होता. फोटो टाकला, फोन मांडीवर उपडा ठेवला. लगेच उलटून बघितला. पुन्हा उपडा. माझी भेळ संपेपर्यंत अकरा वेळा. "लाइक आलं की डोक्यात डोपामिन सुटतं, म्हणून चटक लागते," असं आपण सर्रास ऐकतो. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना निरोप द्यायचं एक रसायन. हे अर्धवट आहे, आणि राहिलेला भाग फार विलक्षण आहे.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत संकेत मोजले. आधी एक खूण दाखवायची, मग फळाचा रस द्यायचा. सुरुवातीला रस मिळताच पेशी तडतडायच्या. सवय झाल्यावर खूण दिसताच तडतडू लागल्या, रसाच्या वेळी मात्र गप्प. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षाही खाली यायचा. म्हणजे या पेशी मोजतात तो अपेक्षा आणि प्राप्ती यांच्यातला फरक. २००३ मध्ये त्यांच्या गटाने रस मिळण्याची शक्यताच कमीजास्त केली. रस नक्की मिळणार किंवा नक्की नाही, असं असलं की वाट पाहताना पेशी शांत. शक्यता ५० टक्के ठेवली, की त्यांचा वेग चढत चढत जायचा, आणि तो सगळ्यांत जास्त तिथेच.

आता तो उपडा फोन आठवा. रोज सात वाजता बरोब्बर दहा लाइक पोचते झाले असते, तर कोण कशाला अकरा वेळा बघेल?

'डोपामिन डिटॉक्स'चे कोर्स विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. डोपामिन म्हणजे धुऊन काढायचा मळ नव्हे. ते बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होतो.

पण लाइकची अनिश्चितता सगळ्यांनाच असते, मग काहींनाच जास्त का ओढते? विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत साधारण असं दिसतं, की 'आपल्या पाठीशी कोणीतरी आहे' असं ज्यांना वाटतं त्यांच्यात ही ओढ कमी असते. पाहण्या बहुतेक एकदाच केलेल्या, त्यामुळे आधी एकटेपणा की आधी फोन, हे त्यांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा नाही. म्हणून 'व्यसनी' हा शिक्का जपून मारावा. आधाराचा परिणाम मात्र मेंदूत दिसतो. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना एमआरआयमध्ये झोपवून विजेच्या झटक्याची धास्ती दिली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग बरेच निवळले. अनोळखी हातानेही फरक पडला, पण कमी.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, खेड्यातल्या पोरांना शिकताना छप्पर मिळावं म्हणून. आज राजारामपुरीत कॉट बेसिसवर चौघं राहतात आणि तिसऱ्या कॉटवरच्याचं गाव चौथ्याला ठाऊक नसतं. त्याच गल्लीतल्या खानावळीत ताट वाढताना मावशी विचारते, "काल जेवायला आला न्हाईस, बरं न्हाई व्हय रं?" हा प्रश्न उद्याही येणार, हे त्या पोराला पक्कं माहीत असतं.