दूरची शिकार, जवळचे रान आणि परवान्याने आखलेली रेषा : पार्श्वभूमी

आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवणारा शिकारी आणि दर हंगामात आपल्याच परिसरातील हरणाच्या मागावर निघणारा शिकारी यांची तुलना सहसा अंतर, खर्च आणि हौस या तीन बाबींवर केली जाते. या नोंदीचा रोख परवान्याकडे आहे. कोणते सावज आवाक्यातले आणि कोणते आयुष्यात एकदाच मिळणारे, हे बऱ्याच अंशी परवाना देणाऱ्या सरकारने ठरवले आहे आणि ते ठरवताना ‘रहिवासी’ व ‘पाहुणा’ असा भेद केला आहे. हा भेद कसा रुजला आणि पुढे न्यायालयातही कसा टिकला, हे पाहिल्याखेरीज आजचे दर आणि आजचे वाद नीट उलगडत नाहीत.

परदेशी शिकारसहलीची आजची घडी पूर्व आफ्रिकेत बसली. त्यापूर्वीही राजघराण्यांतील आणि लष्करातील मंडळी दूरदेशी शिकारीला जात, परंतु पैसे मोजून कोणालाही विकत घेता येईल असा तो व्यवहार नव्हता. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडली आणि १८९९ मध्ये रेल्वेचा तळ म्हणून वसलेले नैरोबी दहा वर्षांच्या आत शिकारसहलींची पेठ झाले. तंबू, शिधा, हमाल, माग काढणारे असे सगळे तेथे ठरवून मिळू लागले. पाहुण्या शिकाऱ्याला परवान्यासाठी ५० पौंड मोजावे लागत. वसाहतीत स्थायिक झालेल्या गोऱ्या माणसाला मात्र परवाना पुष्कळच स्वस्तात मिळे, आणि ज्यांच्या पिढ्या त्याच रानातल्या सावजावर पोसल्या गेल्या होत्या ते आफ्रिकी शिकारी नव्या कायद्याच्या लेखी चोरटे ठरले. १९०० मध्ये युरोपीय सत्तांनी लंडनमध्ये वन्यप्राण्यांविषयी एक करार केला होता. तो पूर्णपणे अमलात कधीच आला नाही, परंतु संरक्षित प्राण्यांच्या याद्या, परवाने आणि संख्येची मर्यादा हा त्याचा साचा वसाहतींनी उचलला. १९०९ मध्ये नुकतेच पदावरून उतरलेले एक अमेरिकी राष्ट्राध्यक्ष दोनशेहून अधिक हमाल घेऊन या प्रदेशात आले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५०० हून अधिक मोठे प्राणी टिपले. मोहीम संग्रहालयासाठी होती, तरी वाचकांच्या मनात ठसली ती शिकारच.

त्याच काळात उत्तर अमेरिकेत जवळच्या रानाची कथा उलट दिशेने चालली होती. बाजारात मांस व कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे रेल्वेच्या दोन्ही बाजूंची राने ओस पडली होती. १९०० मध्ये बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याबाहेर वाहतूक करण्यावर केंद्रीय कायद्याने बंदी आली, हंगाम ठरले, माद्यांना संरक्षण मिळाले आणि १९३७ मध्ये बंदुका व काडतुसांवरील कर राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवण्यात आला. या निधीचा वाटा राज्याचे क्षेत्रफळ आणि तेथील परवानाधारकांची संख्या पाहून ठरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज सुमारे तीन कोटी आहेत, ती काही अंशी या रटाळ, कोणाच्याही भिंतीवर न मिरवणाऱ्या व्यवस्थेमुळे. जर्मन भाषक प्रदेशांत १८४८ नंतर शिकारीचा हक्क जमिनीला जोडला गेला. आजही जर्मनीत स्वतःचे शिकारक्षेत्र राखायचे तर साधारणपणे ७५ हेक्टर सलग जमीन लागते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला क्षेत्र भाड्याने घेणाऱ्या गटात शिरावे लागते. ‘जवळ’ असणे म्हणजे ‘खुले’ असणे नव्हे, हे तेथील शिकाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

दूरच्या शिकारीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात मोजमापाच्या वह्यांचा वाटा मोठा होता. लंडनमधील, मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून देणाऱ्या एका व्यावसायिकाने १८९२ मध्ये शिंगांच्या व सुळ्यांच्या मापांची नोंदवही छापली आणि तेव्हापासून इंचांची स्पर्धा सुरू झाली. मोटारगाडी आल्यावर पायपीट घटली, मात्र गाडीतून शिकार करणे १९३३ च्या लंडन करारात निषिद्ध ठरवावे लागले, यावरून तोवर काय चालले असेल याची कल्पना यावी. नैरोबीत १९३४ साली व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना उभी राहिली. पुढे जेट विमानांमुळे महिनोन्‌महिन्यांची सहल तीन आठवड्यांवर, मग दहा दिवसांवर आली. मध्य भारतातील शिकार कंपन्याही परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीसाठी आणत. १९७० ची वाघ-शिकारबंदी आणि १९७२ चा वन्यजीव कायदा यांनी तो धंदा संपवला. केनियाने १९७३ मध्ये हत्तीची आणि मे १९७७ मध्ये सर्वच शिकार बंद केली, आणि नैरोबीतील ती संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. ग्राहक दक्षिणेकडे वळले. तेथे नामिबियात १९६७ पासून आणि आजच्या झिंबाब्वेत १९७५ पासून जमीनमालकाला आपल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर हक्क देणारे कायदे होते. गुरांऐवजी कुडू व इम्पाला यांसारखी हरणासारखी सावजे राखणे परवडू लागले आणि नवी पेठ तयारच होती.

आता या विषयातील सर्वांत गुंतागुंतीच्या निर्णयाकडे वळावे लागेल, आणि तो आफ्रिकेत झालेला नाही. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात १९७६ च्या हंगामात रहिवाशाला एल्कचा, म्हणजे एका मोठ्या जातीच्या हरणाचा, परवाना ९ डॉलरला मिळत होता. बाहेरच्या राज्यातून आलेल्या शिकाऱ्याला केवळ एल्कचा परवाना मिळतच नसे. त्याला एल्क, हरीण, काळे अस्वल, पक्षी आणि मासेमारी असा एकत्र परवाना २२५ डॉलरना घ्यावा लागे. रहिवाशाने हे सर्व परवाने घेतले तरी त्याचा खर्च ३० डॉलर होई. शिवाय पाहुण्यांच्या एकत्र परवान्यांवर १७,००० ची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. मिनेसोटातील काही शिकाऱ्यांनी आणि मॉन्टानातीलच एका शिकार-ठेकेदाराने या भेदाला आव्हान दिले. ठेकेदाराचे दुःख उघड होते, कारण त्याचे गिऱ्हाईक बाहेरून येणारेच होते.

मे १९७८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. राज्यघटनेनुसार एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला मूलभूत स्वरूपाच्या बाबतींत परके मानता येत नाही. बहुमताच्या मते एल्कची शिकार ही करमणूक व खेळ होती, कोणाचे पोट तिच्यावर अवलंबून नव्हते, आणि म्हणून तेथे राज्याला भेद करण्याची मुभा होती. निकालपत्रात एक निरीक्षण असे होते की बाहेरून येणारे शिकारी एल्कच्या मागे जातात ते शिंगांच्या ट्रॉफीसाठी, म्हणजे भिंतीवर मिरवायच्या आठवणीसाठी, आणि रहिवाशाला बहुधा मांसात अधिक रस असतो, अर्थात ट्रॉफीच्या मागे असणारे रहिवासीही आहेतच. परदेशी स्वप्न आणि घरची गरज ही जी विभागणी शिकाऱ्यांच्या गप्पांत नेहमी ऐकू येते, तिला अशा रीतीने सर्वोच्च पातळीवरील निकालपत्रात जागा मिळाली.

तिघा न्यायमूर्तींचा भिन्न मतप्रवाह मात्र हिशेबाला धरून होता. पाहुण्यांमुळे कळपांवर ताण येतो हे राज्याने दाखवावे, आणि त्यांच्यामुळे खर्च वाढत असेल तर त्या प्रमाणात शुल्क लावावे, असा त्यांचा आग्रह होता. साडेसातपट शुल्काचे समर्थन खर्चाच्या कोणत्याही वाटणीने होत नाही, हे कागदपत्रांवरूनच दिसत होते. प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद अधिक प्रामाणिक वाटतो. रहिवासी वर्षभर कर भरतात, हिवाळ्यात कळप त्यांच्याच कुरणांत उतरतात आणि कुंपणांची नासधूस त्यांनाच सोसावी लागते, हे खरे आहे. पण रानाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या मालकीचा, म्हणजे मिनेसोटातील करदात्याचाही होता, हेही तितकेच खरे.

निकालाचा पायाही लवकरच डळमळला. वन्यप्राणी ही राज्यातील जनतेची सामाईक मालमत्ता आहे, हे तत्त्व १८९६ च्या एका निकालातून आले होते. ते १९७९ मध्ये, म्हणजे अवघ्या वर्षभरात, त्याच न्यायालयाने रद्दबातल ठरवले, आणि तेही ओक्लाहोमातील छोट्या माशांच्या विक्रीच्या खटल्यात. मासे विकायला राज्याबाहेर नेता येतात, मग शिकाऱ्याला दाराबाहेर का ठेवायचे, हा प्रश्न त्यानंतर तेवीस वर्षे तुंबून राहिला. ॲरिझोना राज्याने एल्कच्या नरांचे आणि कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील शिंगधारी हरणांचे टॅग, म्हणजे एकेक प्राणी मारण्याच्या परवानगीच्या चिठ्ठ्या, सोडतीने काढताना पाहुण्यांचा वाटा १० टक्क्यांवर रोखला होता. २००२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटले की अशा मर्यादेमुळे आंतरराज्य व्यापाराला बाधा येते, त्यामुळे तिची कठोर छाननी झाली पाहिजे. पश्चिमेकडील राज्ये हादरली. २००५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने कायदा करून रहिवासी व अनिवासी शिकाऱ्यांत भेद करण्याचा राज्यांचा अधिकार पुन्हा पक्का केला आणि हा प्रश्न न्यायालयांच्या हातून जवळजवळ काढून घेतला.

या निर्णयांचे परिणाम शिकाऱ्याला सोडतीच्या दिवशी कळतात. बिगहॉर्न या रानमेंढ्यासारख्या सावजाचे टॅग इतके थोडे असतात की सोडतीत नाव न आल्याबद्दल मिळणारे गुण साठवत दर वर्षी अर्ज करणाऱ्या पाहुण्याची हयात त्यात सरते. अलास्कात तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांसाठी अनिवासी व्यक्तीला परवानाधारक गाईड किंवा तेथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असावा लागतो. वायोमिंगमध्ये केंद्राच्या राखीव निर्जन प्रदेशात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी पाहुण्याला गाईड सक्तीचा आहे, मात्र त्याच पायवाटेने तो एकटा भटकंतीला जाऊ शकतो. दुसरीकडे, ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी लिलावाची खिडकी उघडी ठेवलेली आहे. मॉन्टानातील एका बिगहॉर्न मेंढ्याचा परवाना २०१३ मध्ये ४,८०,००० डॉलरला गेला. पुढच्याच वर्षी नामिबियातील काळ्या गेंड्याच्या ज्या परवान्यावरून जगभर गहजब झाला, त्याचा लिलाव ३,५०,००० डॉलरवर थांबला होता. मेंढ्याच्या लिलावाची वार्ता शिकारीच्या मासिकांपलीकडे फारशी गेली नाही.

स्वप्नातल्या प्रदेशांतही कोणासाठी तरी ते जवळचे रानच असते, ही बाब माहितीपत्रकांत सापडत नाही. दक्षिण आफ्रिकेत हिवाळ्यात बिल्टाँगसाठी, म्हणजे वाळवलेल्या मांसासाठी, स्प्रिंगबक व इम्पाला मारणारे स्थानिक शिकारी परदेशी पाहुण्यांच्या कितीतरी पट आहेत. शिंगांच्या इंचांशी त्यांना कर्तव्य नसते. न्यूझीलंडचे उदाहरण याहून निराळे आहे. तेथील लाल हरणे एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेली, हिमालयन ताहर हा रानबकरा १९०४ मध्ये सोडलेला. स्थानिक वनस्पती फस्त करणारे हे प्राणी सरकारला नकोसे आहेत, म्हणून सरकारी रानातील शिकारीचा परवाना परदेशी माणसालाही मोफत मिळतो. तरीही मोठ्या शिंगांच्या हरणासाठी लोक खासगी कुंपणातील सावजाला हजारो डॉलर मोजतात. शिंगे वाढवण्यासाठी निवडक पैदास केलेले हे नर आणि डोंगरातील मोफत हरीण यांना एकाच यादीत बसवणे हास्यास्पद आहे, पण ते घडते.

२०१४ नंतर वादाचे केंद्र रानातून विमानतळावर सरकले. बोट्सवानाने त्या वर्षी शिकार थांबवली आणि सुमारे १,३०,००० हत्तींच्या त्या देशाने मे २०१९ मध्ये ती पुन्हा खुली केली. अमेरिकेने २०१४ मध्ये झिंबाब्वे व टांझानियातील हत्तींच्या ट्रॉफी रोखल्या, २०१७ मध्ये झिंबाब्वेबाबत हा निर्णय फिरवला, तो फिरवणेही लगेच स्थगित झाले, आणि २०१८ पासून प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासण्याचे ठरले. २०१५ च्या जुलैमध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर संशोधकांचा पट्टा गळ्यात असलेला सिंह मारला गेला आणि ऑगस्टमध्ये अनेक विमान कंपन्यांनी ट्रॉफी वाहून नेणे बंद केले. ऑस्ट्रेलियाने त्याआधीच, मार्चमध्ये, सिंहाच्या ट्रॉफींना मनाई केली होती. फ्रान्सने नोव्हेंबरात तेच केले. ब्रिटनमध्ये २०२३ साली आयातबंदीचे विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन वरिष्ठ सभागृहात अडकले, आणि बेल्जियमच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये आपले विधेयक संमत केले.

आयातीचे नियम इतके निर्णायक का ठरतात, हे छावणीतील कातडे सोलणाऱ्याच्या कामाकडे पाहिले की कळते. गोळी लागल्यानंतर काही तासांत कातडे उतरवून, कान व ओठ आतून उलटे करून त्यांवर मीठ चोळावे लागते, नाहीतर केस झडतात. शिंगांची खोळ हाडापासून सुटी करायची, कवटी उकळून निर्मळ करायची, जंतुनाशक द्रावणात बुडवून लाकडी खोक्यात भरायची, मग पशुवैद्यकीय दाखला आणि सर्वाधिक संरक्षित प्राण्यांसाठी निर्यात व आयात असे दोन्ही परवाने जोडायचे. शिकारी घरी परतल्यावर हे खोके कित्येक महिन्यांनी पोहोचते, आणि त्या महिन्यांत कायदा बदलला तर बंदरावरच पडून राहते.

घराजवळच्या शिकाऱ्याची या कटकटीतून सुटका होती, तीही आता राहिलेली नाही. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि पुढे मोकळ्या रानांत पसरला. त्यामुळे अमेरिकेतील अनेक राज्यांनी अखंड धड हद्दीपार नेण्यास मनाई केली आहे. हाडे काढलेले मांस, कातडे आणि मेंदूचा अंशही न राहिलेली स्वच्छ कवटी एवढेच शेजारच्या राज्यातून घरी नेता येते.