विहिरीत दिसणारा सह्याद्री

उन्हाळ्यात कुठे नवी विहीर खणायचं काम चालू असलं, की मी काठाशी जाऊन उभा राहतो. वरचे दोन-चार हात काळी माती. तिच्या खाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला भुरकट थर. मग मुरूम, टिकावाला सहज येणारा. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड, आणि तळाशी काळा पाषाण. तिथे टिकाव थांबतो आणि सुरुंग लावावा लागतो. विहीर खणणाऱ्यांना हे थर नावानिशी ओळखता येतात. माळावरच्या अशा विहिरीत तळापासून वर नजर नेली, तर कठीण कातळाची माती कशी झाली हे पायरीपायरीने दिसतं.

हा सगळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून बाहेर आलेला लाव्हा. तो हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळलेला होता. त्यातून घडलेल्या खनिजांना पृष्ठभागावरची ओल आणि हवा मानवत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, आणि लाव्हा थंड होताना पडलेल्या फटींमधून कातळात शिरतं. कातळातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजतं, कॅल्शियम पाण्यात विरघळून निघतं. कमी पावसाच्या भागात ते फार लांब जात नाही. हातभर खाली गेल्यावर पाणी सुकतं आणि कॅल्शियम तिथेच साचतं. विहिरीत दिसलेले चुनखडीचे खडे ते हेच. या सगळ्या प्रक्रियेला भूगोलात विदारण म्हणतात.

घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीत याचं फार सुंदर रूप दिसतं. फटींमुळे कातळाचे चौकोनी ठोकळे झालेले असतात. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने काम करतं, कडेवर दोन अंगांनी, कोपऱ्यावर तीन. त्यामुळे कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा हळूहळू गोल होतो. भोवतीने कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मध्ये कठीण गोटा उरतो. पापुद्रे हाताने चुरले की मुरूम.

पण पाऊस बदलला, की याच कातळातून वेगळीच जमीन तयार होते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत माण-फलटणकडे तो 500 च्या आसपास येतो. कमी पावसात चिकणमाती जागेवरच टिकते. पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडणारी भारी जमीन त्या मातीची. घाटमाथ्यावर मात्र लाखो वर्षांच्या धो-धो पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि वाळू मुख्यतः जिची बनते ती सिलिकासुद्धा बरीचशी धुऊन नेली. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच जांभा. पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार ही त्याचीच झाकणं. कोकणात त्याचे चिरे कापून घरं बांधतात, कारण ओला असताना तो सहज कापला जातो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी केरळातल्या अंगाडीपुरमजवळ लोकांना तो असाच कापताना पाहिलं, आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला तर ॲल्युमिनियम इतकं साचलं, की तिथे बॉक्साइटच्या खाणी निघाल्या.

विदारण कातळ सैल करतं, पण हलवत नाही. हलवण्याचं काम उताराचं आणि वाहत्या पाण्याचं. लाव्हाचे कठीण थर ताशीव कडे होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांच्यामधल्या उतरत्या माच्या झाल्या. आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या यामुळे. नुसतं पाणी कातळाला फारसं कापत नाही, पाण्यातले दगडगोटे कापतात. निघोजला कुकडीच्या पात्रात ते भोवऱ्यात सापडून गरगरत राहिले आणि त्यांनी पाषाणात रांजण कोरले. त्या रांजणखळग्यांच्या गुळगुळीत कडेवरून एकदा हात फिरवून बघावा.

हीच हालचाल क्षणात झाली, की दरड कोसळते. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर आला तो मुख्यतः उतारावरचा विदारण झालेला, पाण्याने जड झालेला मातीचा थर. दीडशेहून अधिक माणसं गेली. डोंगराच्या कुशीत जिथे शेतीजोगी माती जमते, तिथेच वस्ती होते आणि तिथेच हा धोकाही असतो. म्हणून घाटातल्या उतारांवर जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडं वा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर ती गावकऱ्यांनी आणि प्रशासनाने तातडीने दखल घ्यायची गोष्ट आहे.

सुटलेली माती कुठे जाते हे पाणी कुठल्या बाजूला वळलं त्यावर ठरतं. पश्चिमेला सावित्री, वाशिष्ठी शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेर खाडीला मिळतात, तीव्र उताराच्या आणि धावऱ्या. गोदावरी मात्र त्र्यंबकेश्वरला उगवते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत वेग मंदावला की आधी गोटे खाली बसतात, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी बारीक पोयटा. म्हणून नदीकाठची विहीर माळावरच्या विहिरीपेक्षा वेगळी दिसते. तिथे पोयट्याखाली वाळू, वाळूखाली गोटे, आणि मग एकदम कातळ लागतो, मध्ये मुरूम बहुधा नसतोच. ती माती तिथली नसून वरून आलेली असते. याच प्रवासाच्या शेवटी राजमहेंद्रवरमच्या पुढे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे, आणि तिथल्या भातखाचरांच्या मातीत दख्खनच्या बेसाल्टचाही वाटा आहे.

हल्ली हा गाळ तिथे पूर्वीइतका पोचत नाही. जायकवाडीसारख्या धरणांत पाणी थांबतं, आणि थांबलेलं पाणी गाळ सोडतं. छोट्या पाझर तलावांचीही तीच गत, दर पावसाळ्यात पाण्याची जागा थोडी कमी होते. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. मे महिन्यात आटलेल्या तलावात जेसीबी उतरतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात आणि तो काळा गाळ पुन्हा वरच्या बरड माळावर पसरला जातो, बहुतेक वेळा जिथून तो वाहून आला होता त्याच शिवारात.