घरातल्यांना आधीच कळलेलं असतं : लिंच सिंड्रोमबद्दल

लिंच सिंड्रोम म्हणजे घराण्यात चालत येणारा जीनमधला बिघाड, ज्याने आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात व्हायचा धोका वाढतो. त्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत अल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १८९५ मध्ये त्यांच्याकडे कपडे शिवणाऱ्या एक बाई त्यांना म्हणाल्या, मी फार जगणार नाही, आमच्याकडे सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. आणि त्या खरंच कमी वयात गर्भाशयाच्या कॅन्सरने गेल्या. वॉर्थिननी तिच्या खानदानाची पूर्ण वंशावळ काढली आणि १९१३ मध्ये 'फॅमिली जी' या नावाने छापली. पण पुढे अनेक वर्षं त्याकडे कोणी फारसं बघितलंच नाही.

मग १९६२ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहात हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला एक पेशंट भेटला, भयंकर दारू पिणारा, कारण विचारलं तर म्हणाला आमच्या घरात सगळे कॅन्सरने मेले, मीपण तसाच मरणार. लिंच यांनी त्याचं खरं मानलं, नातेवाईकांच्या मागे लागून माहिती गोळा केली आणि १९६६ मध्ये अशा दोन कुटुंबांवर पेपर लिहिला. संशोधनाला पैसे मिळेनात, कॅन्सर अनुवंशिक असतो हे तेव्हा बहुतेकांना पटायचंच नाही. १९९३-९४ मध्ये एमएसएच२ आणि एमएलएच१ हे जीन सापडले तेव्हा कुठे पुरावा हातात आला. म्हणजे घरातल्या लोकांना जे दिसत होतं ते लॅबमध्ये दिसायला जवळपास शंभर वर्षं लागली, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हे जीन करतात काय, तर पेशी वाढताना डीएनएची कॉपी होते त्यात चुका राहतात, त्या शोधून दुरुस्त करायचं काम यांचं, अगदी प्रूफरीडरसारखं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, त्यातली एक जन्मतः बिघडलेली असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली की चुका साठत जातात. मग मोठ्या आतड्यातला साधा कोंब (पॉलिप, आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) कॅन्सर व्हायला इतरांमध्ये साधारण दहा वर्षं लागतात तिथे यांच्यात दोन-तीन वर्षंही पुरतात, म्हणून यांना कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघणं) विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी सांगतात. तेव्हाच कोंब सापडला तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो.

ओळखायचं कसं? डॉक्टर वापरतात तो जुना हिशोब म्हणजे तीन-दोन-एक : तीन नातेवाईकांना आतड्याचे, गर्भाशयाचे वगैरे कॅन्सर, त्यातला एक बाकी दोघांचा अगदी जवळचा (आईवडील, भावंडं, मुलं), ते दोन पिढ्यांत पसरलेले, आणि एकाला तरी पन्नाशीच्या आत. पण छोट्या कुटुंबात तीन माणसं कुठून आणणार, म्हणून चाळीस-पंचेचाळिशीत आतड्याचा कॅन्सर झालेला एकच माणूस असला तरी विचारून घ्यावं.

आणि आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. आतडं आणि गर्भाशय यांचा एकमेकांशी संबंध आहे हे घरात कोणाच्या मनातच येत नाही, शिवाय बायकांचे आजार 'पोटात गाठ होती' एवढ्यावरच संपतात. आत्या सासरी गेली की तिचं दुखणंही तिच्या सासरचं होऊन जातं. पण तिचा गर्भाशयाचा कॅन्सर तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे, वडील धडधाकट असले तरी तो बिघडलेला जीन त्यांच्यातून तुमच्यापर्यंत येऊ शकतो; त्यांच्यात तो असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. तेव्हा आत्या, काका, मावशी, मामा सगळ्यांचं विचारा : कुठला अवयव आणि वय किती होतं.

टेस्ट शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या माणसाची करतात, त्याच्या ट्यूमरचा जपून ठेवलेला ब्लॉकही (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) तपासता येतो. त्याच्यात नेमकी चूक सापडली की बाकीच्यांना फक्त तेवढीच बघायची, आणि ज्याच्यात ती नाही त्याला दरवर्षीची ती कोलोनोस्कोपी लागत नाही, त्याच्या मुलांनाही नाही.